अक्षरावर अक्षर

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज सकाळपासून येथे वाचन, गणन आणि अध्यापनाच्या पद्धती यांविषयी पुष्कळ विचारविनिमय झाला. मला जो विषय मांडावयाचा आहे तो फळ्याजवळचा नसून टेबलाजवळचा आहे. आपल्या द्विशिक्षकी शाळांत वर्ग आणि कार्यालय यांच्यामध्ये पुष्कळदा भिंतदेखील नसते. जो हात सकाळी मुलांना काना-मात्रा गिरवून दाखवितो, तोच हात दुपारी दाखले, अहवाल आणि पत्रे तयार करतो. हे लेखन आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होऊ लागले आहे. त्या लेखनातील दोन लहान गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पहिली म्हणजे ओव्हरटाइप, अर्थात जुन्या अक्षरावर नवे अक्षर लिहिण्याची पद्धत. आणि दुसरी म्हणजे टूलबार, अर्थात पडद्यावरील साधनांची पट्टी आपल्या कामाप्रमाणे लावून घेणे. गोष्टी लहान खऱ्या, परंतु त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले तर मुलाच्या नावास किंवा जन्मतारखेस धक्का पोहोचतो, म्हणून त्या लहान समजून सोडून देता येत नाहीत.

आपल्या खात्यात लेखनाची एक जुनी शिस्त आहे. जनरल रजिस्टरात खाडाखोड करावयाची नाही. चूक झालीच तर चुकीचा मजकूर वाचता येईल अशा रीतीने त्यावर एक सरळ रेघ मारावयाची, वर शुद्ध मजकूर लिहावयाचा आणि शेजारी स्वाक्षरी करावयाची. नाव, जात, जन्मतारीख यांसारख्या नोंदींत तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बदल करताच येत नाही. अक्षरावर अक्षर गिरवून पाचाचा सहा करणे हा आपल्याकडे दोष मानला जातो. या नियमामागील हेतू उघड आहे. पूर्वी काय लिहिले होते आणि ते कोणी बदलले, हे पुढे येणाऱ्या मनुष्यास कळले पाहिजे.

टंकलेखन यंत्राच्या काळात ही शिस्त यंत्रच पाळीत असे. मागे सरकून चुकीच्या अक्षरावर दुसरे अक्षर मारले, तर कागदावर दोन्ही अक्षरे एकमेकांत मिसळून काळा डाग उमटे. तो डाग लपविता येत नसे. देवनागरी यंत्रावर तर काही मात्रांच्या कळा गाडा पुढे न सरकविता चालत, म्हणजे अक्षराच्या जागीच मात्रा उमटून अक्षर पूर्ण होई. सारांश, कागदावर एकावर एक केलेला ठसा हा नेहमी भर घालणारा होता; पहिला ठसा त्यामुळे नाहीसा होत नसे.

१९६४ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय फितीवर अक्षरे नोंदविणारे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, तेव्हा प्रथम निराळी गोष्ट घडली. चूक झाल्यास टंकलेखकाने मागे सरकून त्याच जागी योग्य अक्षर मारावयाचे. कागदावर डाग पडे, पण फितीवर जुन्या अक्षराची नोंद जाऊन तिच्या जागी नवी नोंद होई, आणि फितीवरून पुन्हा उतरविलेली प्रत निर्मळ येई. या सोयीने टंकलेखकांचे श्रम पुष्कळ वाचले. परंतु त्याबरोबर पहिल्या अक्षराची खूणही नाहीशी झाली. आपल्या संगणकावरील ओव्हरटाइप याच जातीचा आहे. येथे अक्षरावर अक्षर पडत नाही. जुने अक्षर पुसले जाते आणि त्याच्या जागी नवे बसते. डाग नाही, रेघ नाही, स्वाक्षरी नाही.

आता प्रत्यक्ष प्रकार कसा घडतो ते पाहू. संगणकावर लिहिण्याच्या दोन रीती आहेत. नेहमीची रीत इन्सर्ट ही होय. तीत कर्सर जेथे असेल तेथे नवे अक्षर शिरते आणि पुढचा मजकूर उजवीकडे सरकून त्यास जागा देतो. समजा, आपण ‘कु. सुनीता पवार ही या शाळेची विद्यार्थिनी आहे’ असे लिहिले आणि वडिलांचे नाव राहून गेले. ‘सुनीता’ या शब्दापुढे कर्सर ठेवून नाव लिहिले की ‘पवार’पासूनचा सर्व मजकूर पुढे सरकतो आणि वाक्य पूर्ण होते. ओव्हरटाइप चालू असेल तर मात्र मजकूर सरकत नाही. वडिलांच्या नावाचे एकेक अक्षर उमटत जाते, तसतसे ‘पवार’ आणि त्यापुढील शब्द गिळले जातात. आपली नजर कळफलकावर असली तर हे ध्यानातही येत नाही.

वाक्य मोडले तर निदान वाचताना ठेच लागते. अंकांच्या बाबतीत तीही लागत नाही. गुणपत्रकात एका मुलाच्या नावापुढे चुकून ८ पडले आहेत आणि हवे आहेत १८. आपण ८ च्या आधी कर्सर ठेवून १ लिहिला. इन्सर्ट असेल तर १८ होतात. ओव्हरटाइप असेल तर ८ जाऊन नुसता १ उरतो. एक हाही गुणच आहे. तो पाहून यंत्र तक्रार करीत नाही, आणि घाईत असलेला शिक्षकही करीत नाही. मुलाचे सतरा गुण मात्र गेलेले असतात.

आपण होऊन ओव्हरटाइप चालू करणारे फार थोडे. बहुधा तो बोट चुकल्याने चालू होतो. नेहमीच्या मोठ्या कळफलकावर इन्सर्ट ही कळ डिलीटच्या डोक्यावर आणि बॅकस्पेसच्या शेजारी असते. खोडावयास गेलेले बोट इन्सर्टवर पडणे अगदी साहजिक आहे. दुसरे कारण आपल्या कामात अधिक वारंवार येते. कळफलकाच्या उजवीकडे अंकांच्या कळांचा जो चौकोन असतो, त्यातील शून्याची कळ हीच इन्सर्टचीही कळ आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर ही जोड होती, आणि ती अद्याप चालत आली आहे. नम लॉक ही कळ चालू असेल तर तेथे शून्य उमटते. बंद असेल तर शून्य न उमटता इन्सर्टची आज्ञा जाते. गुण भरताना शून्य दाबावा, तो दिसू नये, म्हणून पुन्हा दाबावा, आणि तेवढ्यात लिहिण्याची रीत बदलून जावी, असे त्यामुळे होऊ शकते. म्हणून गुण भरावयास बसण्यापूर्वी नम लॉकचा दिवा पाहण्याची सवय ठेवावी. दिवा नसलेल्या कळफलकावर एक अंक उमटवून खात्री करून घ्यावी.

चालू असलेली रीत ओळखावी कशी? लिब्रेऑफिस रायटर या विनामूल्य कार्यक्रमात इन्सर्ट कळ दाबताच रीत बदलते. ओव्हरटाइपमध्ये कर्सर बारीक उभ्या रेघेऐवजी अक्षराएवढ्या ठोकळ्यासारखा दिसतो आणि पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर ‘ओव्हरराइट’ हा शब्द उमटतो. इन्सर्ट कळ पुन्हा दाबली की पूर्वीची रीत परत येते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मात्र कर्सरच्या आकारावर विसंबू नये, कारण तो बदलत नाही. तेथे तळपट्टीवर माऊसची उजवी कळ दाबावी. जी यादी उघडते तीत ‘ओव्हरटाइप’ या शब्दावर खूण करावी. मग त्या पट्टीवर ‘इन्सर्ट’ किंवा ‘ओव्हरटाइप’ यांपैकी एक शब्द सदैव दिसत राहतो, आणि त्यावर टिचकी मारून रीत बदलताही येते. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत नुसत्या इन्सर्ट कळीने रीत बदलू नये अशी योजना मुळातच असते. कोणी ती बदलली असल्यास ‘फाइल’मधील ‘ऑप्शन्स’ आणि त्यातील ‘अॅडव्हान्स्ड’ येथे जाऊन इन्सर्ट कळीने ओव्हरटाइप चालविण्याच्या वाक्यापुढील खूण काढून टाकावी.

मजकूर गिळला गेल्याचे ध्यानात येताच पुढे लिहीत जाऊ नये. कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबून एकेक पाऊल मागे यावे. गेलेली अक्षरे परत येतात. दस्तऐवज एकदा बंद केला की मात्र हा मागे येण्याचा मार्ग नाहीसा होतो. यास्तव शंका आली असेल तर दस्तऐवज बंद करण्यापूर्वीच ती फेडून घ्यावी.

मराठी लिहिणाऱ्यांनी येथे आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ज्यास आपण एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या लेखी एकच चिन्ह असते असे नाही. युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताचा पाय ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘स्त्री’ हे आपण एका दमात उच्चारतो. यंत्राच्या हिशेबी त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे भरतात. ‘सीता’ या नावात चार चिन्हे आहेत, तर ‘स्मिता’ या नावात सहा. आता ‘सीता पवार’ या नावाच्या आरंभी कर्सर ठेवून ओव्हरटाइपने ‘स्मिता’ लिहिले, आणि यंत्राने चिन्हास चिन्ह असा हिशेब धरला, तर सहा चिन्हांस जागा करून देताना ‘सीता’ची चार, मधली मोकळी जागा आणि ‘पवार’मधील ‘प’ अशी सहा चिन्हे जातात. उरते ते ‘स्मितावार’. डोळ्यांना दोन्ही नावे दोनच अक्षरांची दिसत होती, म्हणून मनुष्य निःशंक असतो. सर्व कार्यक्रम हा हिशेब एकाच प्रकारे धरीत नाहीत. आपल्या शाळेच्या यंत्रावर कोरा दस्तऐवज उघडून हा प्रयोग स्वतः करून पाहावा. पाच मिनिटांत जे उमजेल ते भाषणाने उमजणार नाही.

मग ओव्हरटाइप हा सर्वस्वी त्याज्य समजावा काय? तसेही नाही. जेथे जुन्या आणि नव्या मजकुराची चिन्हे मोजून सारखी असतात, तेथे तो सोयीचा आहे. वेळापत्रकातील किंवा यादीतील चार अंकी वर्ष बदलावयाचे असेल, अनुक्रमांक दुरुस्त करावयाचे असतील, तर ओव्हरटाइपने काम झरझर होते आणि खोडण्याची निराळी क्रिया करावी लागत नाही. नमुन्यांतील टिंबांच्या ओळींवर लिहावयासही कित्येक जण त्याचा उपयोग करतात. इन्सर्टने लिहिले तर टिंबे पुढे ढकलली जाऊन ओळ मोडते. ओव्हरटाइपने प्रत्येक चिन्ह एकेक टिंब घेते. तथापि, मराठी जोडाक्षरांमुळे येथेही ओळीची लांबी नीट राहील असा भरवसा नाही. टिंबांऐवजी दोन रकान्यांचा तक्ता घालून डावीकडे ‘विद्यार्थ्याचे नाव’, ‘आईचे नाव’, ‘जन्मतारीख’ असे शब्द आणि उजवीकडे कोरी घरे ठेवावी, हे अधिक चांगले. घरात लिहिलेले घरात राहते; शेजारचा मजकूर हलत नाही आणि गिळलाही जात नाही. शब्द बदलण्यासाठी तर त्यावर दोनदा टिचकी मारून तो निवडावा आणि नवा शब्द लिहावा. निवडलेला भाग तेवढाच जातो, पुढच्यास हात लागत नाही. म्हणजे काय जाणार हे आधी डोळ्यांना दिसते, मग ते जाते. ओव्हरटाइपमध्ये याच्या नेमके उलट होते.

याच ठिकाणी एका प्रचलित सवयीविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. मागील मुलाचा दाखला उघडावयाचा, त्याच्याच मजकुरावर नव्या मुलाचा तपशील लिहावयाचा आणि छापावयाचा, ही ती सवय होय. असे करताना एखाद्या घरात जुन्या मुलाचा तपशील तसाच राहून जातो. एकाच्या दाखल्यावर दुसऱ्याच्या आईचे नाव, एकीच्या दाखल्यावर दुसरीची जन्मतारीख अशा चुका या वाटेने शिरतात. शिवाय जतन करताना पहिल्या मुलाच्या दाखल्याची संगणकावरील प्रतही नष्ट होते, ती निराळीच हानी. यावर उपाय सोपा आहे. दाखल्याचा कोरा साचा तयार करून तो ‘टेम्प्लेट’ या प्रकारात जतन करावा. साचा उघडला की दर वेळी नवी कोरी प्रत मिळते आणि मूळ साचा अबाधित राहतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. संगणकावर लिहिताना आपण जी साधने वापरतो ती पडद्याच्या वरच्या बाजूस चित्रांच्या रूपाने मांडलेली असतात. जगातील सर्व धंद्यांतील लोकांचा विचार करून कार्यक्रम बनविणाऱ्यांनी ती मांडणी केलेली आहे. शाळेच्या टेबलास त्यांतील फार थोडी लागतात. शोधण्यात वेळ जातो, आणि घाईत भलत्याच चित्रावर टिचकी बसते. शिक्षक वर्गात शिरताना सगळे कपाट बरोबर घेऊन जात नाही; खडू, डस्टर, हजेरी आणि त्या दिवसाचे साहित्य एवढेच घेतो. तोच विवेक येथे करावा.

वर्डमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून ‘क्विक अॅक्सेस टूलबार’ नावाची एक छोटी पट्टी आहे. ती दिसत नसेल तर वरच्या रिबनवर उजवी कळ दाबून ती दाखविण्याची आज्ञा द्यावी. जे साधन हवे त्याच्या चित्रावर उजवी कळ दाबली की ते या पट्टीत घालण्याचा पर्याय मिळतो. नको असलेले त्याच रीतीने काढता येते. पट्टीच्या टोकाशी असलेल्या बाणावरून ‘मोअर कमांड्स’ येथे गेल्यास सर्व आज्ञांची यादी मिळते आणि साधनांचा क्रमही लावता येतो. ऑल्ट कळ दाबली असता या पट्टीतील साधनांवर १, २, ३ असे अंक दिसतात, त्यामुळे माऊस बिघडला तरी काम अडत नाही. लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’मधील ‘कस्टमाइझ’ येथे टूलबारची निराळी पाटी आहे. त्याखेरीज पट्टीवर उजवी कळ दाबून ‘व्हिजिबल बटन्स’ या यादीतून साधने दाखविता किंवा लपविता येतात, आणि पट्टी चुकून ओढली जाऊ नये म्हणून तिची जागा पक्की करण्याची सोयही तेथेच आहे.

पट्टीत काय असावे? माझ्या मते प्राथमिक शाळेस आठ साधने पुरेशी आहेत : साच्यावरून नवा दस्तऐवज, उघडणे, जतन करणे, मागे येणे, शोधून बदलणे, तक्ता घालणे, छापण्यापूर्वी पाहणे आणि पीडीएफ प्रत काढणे. यांपैकी मागे येण्याचे साधन डोळ्यांसमोर असणे हे ओव्हरटाइपच्या अपघातावर औषध आहे. आणि छापण्यापूर्वी पाहण्याचे साधन छपाईच्या साधनाऐवजी ठेवावे असे मी मुद्दाम सुचवितो. एका टिचकीत कागद बाहेर पडण्याची सोय झाली की वाचून पाहण्याची सवय सुटते.

शाळेत यंत्र एक आणि हात अनेक असतात. एकाने लावलेली पट्टी दुसऱ्यास अडचणीची वाटू शकते. म्हणून सहकाऱ्यांनी बसून एक मांडणी ठरवावी आणि ती कागदावर लिहून यंत्राशेजारी लावावी. वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोहोंत साधनपट्टी सर्व दस्तऐवजांसाठी किंवा केवळ एका दस्तऐवजासाठी ठेवण्याची मुभा आहे. मांडणी अगदीच बिघडली तर ‘रीसेट’ची आज्ञा देऊन मूळ स्थिती आणता येते, त्यासाठी तालुक्याच्या गावी यंत्र घेऊन जाण्याचे कारण नाही. ही गोष्ट ठाऊक असली की नव्याने शिकणाऱ्यांची भीड चेपते. विशेषतः ज्यांची बरीच वर्षे सेवा झाली आहे आणि ज्यांना या यंत्राचा धाक वाटतो, त्यांना हे आवर्जून सांगावे.

शेवटी एक आग्रहाची विनंती. यंत्राने जुने अक्षर कोठेही खूण न ठेवता पुसले, तरी आपल्यापाशी मूळ रजिस्टर आहे. दाखला छापण्यापूर्वी एकाने रजिस्टरातील नोंद मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने पडद्यावरील मजकूर अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. नावातील काना, वेलांटी, उकार आणि तारखेतील प्रत्येक अंक स्वतंत्रपणे उच्चारावा. एकशिक्षकी शाळेत हे काम दोन निरनिराळ्या वेळी करावे. लिहिल्याबरोबर वाचले तर जे लिहावयाचे होते तेच दिसते, जे लिहिले गेले ते दिसत नाही. त्यानंतरच स्वाक्षरी करावी.

हा दाखला घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाते, पुढे शिष्यवृत्तीसाठी, जातीच्या प्रमाणपत्रासाठी, नोकरीसाठी तोच कागद काढते. आधार पत्रावरील नाव आणि दाखल्यावरील नाव यांत एका वेलांटीचा फरक पडला, तर आईबापांना मजुरी बुडवून कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. त्या वेळी आपण बदलीने दुसऱ्या शाळेत गेलेले असतो, परंतु आपली स्वाक्षरी त्या कागदावर असते. लिहावयास बसताना रीत कोणती चालू आहे ते पाहावे, साधने हाताशी असावीत, आणि स्वाक्षरीपूर्वी वाचून पाहावे. एवढे तीन नियम प्रत्येक शाळेने उद्यापासून पाळावेत, अशी माझी आपणां सर्वांस विनंती आहे.